लग्नाचं मशीन

— थांबा, थांबा, दोर सोडू नका! ड्रायव्हरदादा, तुम्ही आधी खाली उतरा आणि तिकडे सावलीत बसा, तुमचं भाडं कुठे पळून जात नाही. आधी मी बघणार, मग ते उतरवायचं की नाही ते ठरणार. — मालक? मालक नाहीत, बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात. पण मालक असले काय नि नसले काय, या शेडमध्ये कुठलं जुनं मशीन घ्यायचं नि कुठलं नाही ते मी बघते. आमचे हे भाव करतात, गोड बोलतात, चहा मागवतात. माल मी बघते. — काय म्हणायचंय? नंतर बोला हो भाऊ, आधी मला हात तर लावू द्या. सरका जरा. हात द्या तुमचा — हां, गुडघे गेलेत माझे, टेंपोत चढायचं म्हणजे — आले, आले. बघू आता.

लेथ आहे होय? लहान आहे, पण जुन्या बनावटीचा, वजनदार. बेडवरून हात फिरवते हं — चकच्या जवळ थोडा घासलाय, तो सगळ्यांचाच घासतो, काम तिथंच होतं ना. हे चाक फिरवते... आवाज नाही. उलटं फिरवते... ढिलं नाही. अहो, हे तर चालू मशीन आहे! कालपरवापर्यंत काम झालंय यावर. हे बघा ना, खालच्या ट्रेमध्ये पितळेचा चुरा अजून ओला आहे. आणि वरून सगळं कसं पुसूनबिसून, ऑईल लावून, चादर पांघरून आणलंय — पुसू नका! पुसताय काय अजून? विकायला आणलंय ना? मग ती चिंधी खिशात घाला. माझ्यासमोर पुसू नका, मला नाही बघवत.

मुलीचं लग्न काढलंय. — हो ना? तोंडानं नका सांगू, मान हलवलीत तरी पुरे. हां. वाटलंच. मी कसं ओळखलं? अहो, यात ओळखायचं काय! बिघडलेलं मशीन विकायला येतं ना, तेव्हा माणूस शिव्या देत येतो. त्याला लाथ मारून सांगतो, घ्या हे धूड, माझा जीव सोडवा. धंदा बंद करून विकायला आणतात, त्या मशीनवर बोटभर धूळ असते, कोळ्यानं जाळं केलेलं असतं. आणि तिसरं हे असं. चालू, गुणी, पुसलेलं, पांघरूण घातलेलं. आणणारा उगाच हसतो आणि परत परत चिंधी फिरवतो. या धंद्यात त्याला नाव आहे. लग्नाचं मशीन. हो, असंच म्हणतात — 'काय आलं आज?' 'एक लग्नाचं आलंय.' म्हणजे समजायचं की माल एक नंबर आणि भाव पडेल तो. कारण काय, तर विकणाऱ्याची तारीख ठरलेली असते. हॉल ठरलाय, पत्रिका छापल्यात, तो काय मशीन परत घेऊन जाणारे? म्हणून आम्ही आधी चहा मागवतो आणि गोड आवाजात विचारतो, 'वा वा, अभिनंदन, कधीचं आहे कार्य?' तुम्हाला वाटतं आपुलकीनं विचारलं. डोंबलाची आपुलकी! तारीख जवळ असली की भाव अजून खाली. किळस येते मला या चहाची. मी आता पीतसुद्धा नाही.

आणि ही फळी कशाला आणलीत सोबत? मशीनपुढे उभं राहायची आहे ना? चांगली वीतभर उंच केलीय, खालून ठोकळे मारून. तुम्हाला काय गरज होती फळीची, तुम्ही तर ताडमाड आहात. कोण उभं राहतं यावर? — नका सांगू. मुलगा असेल धाकटा, शाळेतून काढून लावलेला. तेही आता मला नवीन नाही. माझ्याही भावाची शाळा अशीच सुटली होती.

नाही, मला एक सांगा. उद्यापासून काय करणार? — म्हणजे हे मशीन इथं उतरवलंत, पैसे खिशात घातलेत, लग्न झालं, मांडव मोडला. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी उठून कुठं जाणार? दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, ना? त्याच्या मशीनवर त्याच्यासाठी दिवसभर उभं राहायचं आणि रोजंदारी घ्यायची. काल मालक होतात, उद्या गडी. अहो, कोंबडी विकून अंड्यांची ऑर्डर घेतल्यासारखं आहे हे! आणि घरात बायको काय सांगणार चारचौघांत? 'हौसेनं केलं हो, लेकीसाठी.' हौस! त्या शब्दाची मला इतकी शिसारी आहे ना — कुणी हौस म्हटलं की तोंड धुवावंसं वाटतं. कारण मागणारा कधी मागतच नाही. तो म्हणतो, 'आम्हाला काही नको. फक्त मुलगी आणि नारळ. बाकी तुमची हौस.' झालं! मागितलं त्यानं नाही, दिलं तुम्ही. उद्या कोर्टकचेरी झाली तरी तो हात वर करून मोकळा. आणि तुम्ही त्या एका शब्दाखाली कंबर मोडेपर्यंत वाकायचं, वर हसायचं. घेणाऱ्याचा तर राग येतोच हो, पण कधी कधी हसत देणाऱ्याचा जास्त येतो. — रागावू नका. मी माझ्या बापाबद्दल बोलतेय.

हो, माझा बाप टर्नर होता. स्वतःचा लेथ होता, याच्यापेक्षा थोडा मोठा. घराच्या पुढच्या खोलीत लेथ आणि मागच्या खोलीत आम्ही. लेथ थांबला की आईला जाग यायची, आवाज असेपर्यंत छान झोपायची. माझं लग्न ठरलं ते या घरात. हेच घर, हेच दुकान, तेव्हा नुसतं उघडं आवार होतं. माझे सासरे म्हणाले, 'आम्हाला काही नको, मुलाला धंद्यात थोडं उभं करायचं, त्याला तुमचा हातभार, तोही तुमची हौस असेल तर.' बापाजवळ काय होतं? लेथ. तो विचारायला निघाला गिऱ्हाईक कोण मिळतंय. तर सासऱ्यांनीच त्याला इथं बोलावून घेतलं, घर दाखवायला म्हणून मलाही. म्हणाले — आवाज अजून कानात आहे माझ्या — 'बाहेर कशाला फिरताय, हे आपलंच दुकान आहे.' किती बरं वाटलं असेल माझ्या बापाला! त्यानं लेथ इथं आणला. सासऱ्यांनी फिरून फिरून बघितला, इथं घासलाय, तिथं ढिला आहे, करत करत निम्मी किंमत केली, गल्ल्यातून नोटा काढून बापाच्या हातात मोजून दिल्या. आठ दिवसांनी माझ्या बापानं त्याच नोटा हातभार म्हणून परत त्यांच्या हातात दिल्या. वर जे कमी पडलं, ते व्याजानं काढून दिलं. कळतंय का तुम्हाला? नोटा गल्ल्यातून निघाल्या, माझ्या बापाच्या घरी आठ दिवस पाहुण्या म्हणून राहिल्या आणि परत गल्ल्यात आल्या. त्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती. लेथ फुकट, सून फुकट आणि वर रोख. याला व्यवहार म्हणतात. सासरे हुशार म्हणून प्रसिद्ध होते बाजारात.

मी लग्न होऊन आले तेव्हा लेथ इथंच उभा होता, त्या दाराशी. मी रोज त्याच्यावरून जायचे. एकदा बाप मला भेटायला आला. आधी लेथजवळ गेला. कॅप उघडून ऑईल बघितलं, चाकाला हात लावला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, बरी आहेस ना. मला राग नाही आला. त्याला वाटलं असेल, दोघंही एकाच घरात दिलीत, दोघांचीही विचारपूस करावी. पण घरात जाऊन मी जी रडले! त्यानंतर तो आला नाही. यायचं तरी कधी, दुसऱ्याकडे कामाला होता, रजा मिळायची नाही. भावाची शाळा सुटली, तो एका गोदामात पेट्या उचलायला लागला. धाकट्या बहिणीची वेळ आली तेव्हा विकायलाच काही शिल्लक नव्हतं, म्हणून तिला दोन मुलांच्या बिजवराला दिली. तो भला निघाला हो, पण निवडला कशासाठी? काही मागत नव्हता म्हणून. एक मशीन गेलं, भाऊ, एकच, आणि सगळं घर एका लग्नात धुऊन गेलं. पुढे सासऱ्यांनी तो लेथ पूर्ण किमतीला विकला आणि वरचा हा पत्रा घातला. वर बघा — बघा ना. हा पत्रा. माझ्या बापाचा लेथ आहे तो. उन्हाळ्यात तापतो ना, तेव्हा सगळे म्हणतात, पंखा लावा. मी म्हणते, लावू नका, तापू दे.

— काय? मघापासून काय तोंड उघडताय नि मिटताय? घाई आहे? बसा हो त्या पेटीवर. मी तुमच्या भल्याचं सांगतेय. तुमचा व्याही काय म्हणाला? काही नको म्हणाला ना? हां! आणि मग? — मुलाच्या धंद्याला — काय? हातभार! बघा, शब्दसुद्धा तोच. कसला धंदा? — शोरूम. काचेचं. वा! आजकाल सगळ्यांना काचेचंच हवं. आमच्या चिरंजिवांनाही तेच हवंय, हाताला ऑईल लागलं तर तीनदा साबण लावतो. पण आमचं तसं नाही हं. आमच्याही पोराचं नुकतंच ठरलंय. मी मुलगी पाहायला गेले नाही, दुकान कोण बघणार, हे आणि माझी नणंद जाऊन आले. चांगलं घर आहे म्हणाले, मुलगी कामसू आहे. पण मी ह्यांना आधीच बजावलंय — समोर बसवून, हात धरून सांगितलंय — एक पैसा घ्यायचा नाही. या घरात जे झालं ते माझ्यापाशी संपलं पाहिजे. आणि हे काय म्हणाले ठाऊक आहे? 'मी कुठं काय मागतोय? मी म्हटलंय त्यांना, फक्त मुलगी आणि...'

— नारळ. हेच म्हणाले हो, नारळ.

— नाही, काही नाही. बसा. तुम्ही का उठलात? पाणी देऊ? — हो, हो, बोला, मी मघापासून तुम्हाला बोलूच देत नाहीये. बोला एकदाचं. — काय म्हणालात? — परत म्हणा. मोठ्यानं म्हणा, ऐकू येत नाही मला, पत्रा तापला की कर्रकर्र वाजतो.

विहीणबाई.

मला म्हणालात? — मला. म्हणजे तुम्ही... आणि हे मशीन... इथं आणायला कुणी सांगितलं तुम्हाला? — मालकांनी. कसं सांगितलं? नाही, काय शब्दांत सांगितलं ते सांगा, मला शब्द हवेत. — 'बाहेर कशाला फिरताय, हे आपलंच...' बास. बास, पुढचं मला पाठ आहे. त्याचा बाप बोलला तेव्हा माझा हा नवरा शेजारीच उभा होता ना, नवरदेव, नवीन बूट घालून! ऐकत होता. मला वाटायचं, लाजून खाली बघतोय. लाजतोय कसला, शिकत होता! आणि मी विचारलं होतं हो त्याला, काचेचा खर्च कुठून करणार? तर म्हणतो, होईल व्यवस्था. मला वाटलं बँक. ही व्यवस्था होय! ताडमाड, हातात चिंधी घेऊन टेंपोत उभी असलेली व्यवस्था! शी. माझ्या बापाला सासऱ्यानं गंडवलं, ते मी वय लहान म्हणून गिळलं. पण इतकी वर्षं याच्या ताटाला ताट लावून जेवले, आणि यानं माझ्याच तोंडासमोर — माझा बाप माहीत असताना! काही मागायचं नाही म्हटल्यावर कसा मान डोलवत होता, वर म्हणाला, 'तुझ्या मनासारखं होईल.' माझ्या मनासारखं!

— आणि ती फळी? थांबा, ती फळी कुणाची? मुलगा नाही म्हणता तुम्हाला? — एकुलती एक लेक? म्हणजे ती उभी राहते यावर. — रोज? — पितळेचे बूश करते. एकटी. अहो, पितळेच्या बुशाला हात किती हलका लागतो! आणि तुम्ही तिचंच मशीन विकून तिलाच — काय म्हणाले आमचे, 'कामसू आहे'? हो, असेलच. हे मशीन तर तीच चालवते, घर तिच्यावर चाललंय, आणि तीच जाणार आणि मशीनही जाणार, आणि तुम्ही मागे काय, हौस पुरवत बसणार? तिला विचारलंत? — रात्री उठून मशीनजवळ बसली होती. बोलली काही? — नाही. ती कशी बोलेल. मीही नव्हते बोलले.

हात जोडू नका! खाली करा ते हात. — लग्न मोडेल? मोडलं तर मोडलं! — असं कसं म्हणता, म्हणे. चार घरी सांगून झालंय. पोरीचं नाव खराब होईल, मशीन परत आलं म्हणजे विहिणीनं नाकारलं, पोरीतच काही खोट असेल. हो, तेही खरंच आहे, लोक जिभा टाळूला लावून बसणार नाहीत. — रडू नका ना. तुम्ही रडलात की मला... थांबा. थांबा जरा, विचार करू द्या. यातून काही... असं केलं तर? म्हणजे, ऐका हं. पैसे तुम्ही घेऊच नका आणि देऊही नका. मशीन मात्र इथं राहू दे. विकायचं नाही. तिच्या नावानं राहू दे. ती इथं आली की इथंच काम करेल, तिचं तिला मशीन, फळी इथं ठेवू, उजेडही चांगला आहे त्या कोपऱ्यात. तिचा हात चालू राहील, घरातच्या घरात. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही टर्निंगचं काम बाहेर द्यावं लागतं, किती पैसे जातात त्यात, ते वाचतील, आणि बाहेरचंही काम घेता येईल, तिच्या हाताला गुण आहे म्हणताय, म्हणजे महिन्याला सहज... आणि शोरूमलाही मग...

...

ऐकलंत?

ऐकलंत ना मी काय बोलले? तुम्ही मान हलवत होतात! तुम्हाला पटलं! डोळे पुसून मान हलवायला लागलात तुम्ही — आणि मी, मी हिशेब करत होते. महिन्याला सहज. शी! शी, शी, शी. अहो, तो निदान गोड बोलून घेतो. मी तर तिच्या भल्यासाठी घेत होते. मशीनसकट, हातांसकट. म्हाताऱ्या सासऱ्यालासुद्धा एवढं सुचलं नव्हतं.

ड्रायव्हरदादा! ओ ड्रायव्हरदादा! उठा. दोर आवळा परत. हो, आहे तसंच, जिथून आणलंत तिथं, त्याच खोलीत नेऊन ठेवायचं, भाडं माझ्याकडून घ्या. आणि ती फळी खाली पडू देऊ नका वाटेत. — तुम्ही उतरू नका, भाऊ, बसा तिथंच. लग्नाचं मला काही विचारू नका, मला माहीत नाही, ते तिला विचारा. तिला जे झालंय ते सगळं सांगा, माझ्या बापाचं सांगा, पत्र्याचं सांगा, मी आत्ता काय बोलले तेही सांगा — ते नक्की सांगा — आणि मग ती म्हणेल ते करा. नवरा येऊ दे, त्याचं मी बघते. त्याची भीती नाही मला.

विहीणबाई म्हणू नका. आणि आभार तर मुळीच मानू नका, मी काही चांगली बाई नाही. तो कोपरा दिसतोय, रिकामा? परवा त्यानं तिथलं सामान हलवलं, म्हणाला, एक छान चालू मशीन येतंय. मी विचारलं नाही, कुणाचं. सकाळी मीच झाडून ठेवलाय.

निघा आता. तो येईल म्हणून नाही — माझी नजर सारखी त्या कोपऱ्याकडे जातेय. निघा म्हणते ना!